वॉटसन हॉटेल: एका लोखंडी सांगाड्याची गोष्ट

मुंबईत काळा घोड्याला चक्कर मारली असेल, तर एस्प्लनेड मॅन्शन तुम्ही नक्की पाहिलं असणार. पाहिलं असेल आणि नाक मुरडून पुढे गेला असाल! पण आमच्यासारख्या इंजिनियर मंडळींनी तिथे जरा थांबायला हवं.

जॉन वॉटसन नावाच्या कापड व्यापाऱ्याने ही इमारत १८६७ ते १८६९ या काळात बांधून घेतली. डिझाइन रोलंड ऑर्डिशचं. लोखंडी खांब नि तुळया इंग्लंडमध्ये बनवल्या, बोटीने मुंबईला आणल्या आणि इथे जोडल्या. सगळा भार सांगाड्यावर, भिंती नुसत्या भरायला. म्हणजे भिंत कुठेही घाला, कुठलीही काढा, इमारत उभीच!

१८७१ पासून इथे वॉटसन हॉटेल चाललं, ते गोऱ्या साहेबांसाठी. १८९६ च्या सुरुवातीला मार्क ट्वेन इथे उतरला होता. त्याच वर्षी ७ जुलैला ल्युमिए बंधूंच्या चित्रफिती इथे दाखवल्या गेल्या, तिकीट एक रुपया. भारतातला हा पहिला सिनेमाचा खेळ. पुढे तीनच वर्षांनी, १८९९ साली, आपल्या सावेदादांनी (हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर) मुंबईतल्याच एका कुस्तीचं चित्रण केलं.

मग ताजमहाल हॉटेल आलं (१९०३), आणि वॉटसनची रया गेली. हॉटेल बंद पडल्यावर खोल्यांची बिऱ्हाडं झाली, ऑफिसं झाली, दुकानं झाली. हायकोर्ट आणि सेशन्स कोर्ट हाकेच्या अंतरावर, त्यामुळे वकिलांची चेंबर्सही थाटली गेली. पार्टिशन टाकायला सांगाडा कधी नाही म्हणालाच नाही.

खरी गोम इथेच आहे. जो तो आपापली खोली सांभाळत होता, पण सांगाडा कुणाचा? भाडं कायद्याने गोठलेलं, त्यामुळे मालकाला दुरुस्तीत रस नाही. भाडेकरूंच्या हातात सगळी इमारत नाही. २००५ साली एक भाग कोसळला आणि एकाचा जीव गेला. २०१९ मध्ये इमारत रिकामी करून घेतली. आयआयटीच्या अहवालात ती पाडावी असं आलं, तर वारसा जपणाऱ्यांचं म्हणणं की ती दुरुस्त होऊ शकते.

मला स्वतःला दुसरी बाजू पटते. दीडशे वर्षांत या इमारतीने मागाल ते काम करून दाखवलं. वापर बदलल्यामुळे ती मोडकळीस आली, हे मला मान्य नाही. उलट वापर बदलत गेला म्हणूनच ती इतकी टिकली. गंज चढला तो देखभाल कुणाचीच जबाबदारी नव्हती म्हणून. सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको!