बिल्बाओच्या गुगेनहाइम संग्रहालयाचे टायटॅनियम आवरण

उत्तर स्पेनमधील बिल्बाओ शहरात नेर्व्हिऑन नदीच्या काठी उभारलेल्या गुगेनहाइम संग्रहालयाचे उद्घाटन १८ ऑक्टोबर १९९७ रोजी झाले. पोलाद आणि जहाजबांधणी उद्योगांच्या पीछेहाटीने खचलेल्या या शहराला नवी ओळख मिळावी, या हेतूने बास्क प्रशासनाने ही वास्तू उभारली. वास्तुरचनाकार फ्रँक गेरी यांनी कल्पिलेल्या तिच्या वक्र भिंतींना कोणत्या धातूने मढवावे, हा प्रश्न मात्र सहजासहजी सुटला नाही.

शिशाचा मुलामा दिलेल्या तांब्याचा विचार प्रथम झाला. परंतु शिसे विषारी असल्याने तो सोडून द्यावा लागला. स्टेनलेस स्टील बिल्बाओच्या ढगाळ हवेत निस्तेज दिसत असे. गेरी यांच्या कार्यालयाबाहेर लावलेला टायटॅनियमचा नमुना मात्र पावसाळी दिवशीही सोनेरी झळाळताना आढळला. हा धातू वस्तुतः विमानउद्योगातला आणि महागडा. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर रशियन टायटॅनियम बाजारात आले, भाव उतरले आणि ही निवड आवाक्यात आली. शिवाय हा धातू मजबूत असल्याने अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ पत्रा पुरेसा ठरला.

संग्रहालयावर असे सुमारे ३३ हजार पत्रे बसविले आहेत. पोलादी सांगाड्यावर गॅल्वनाइज्ड पत्रा, त्यावर पाणी अडविणारा थर आणि सर्वांत वर टायटॅनियम, अशी ही रचना आहे. पत्र्यांच्या कडा दुमडून एकमेकींत अडकविल्यामुळे माशाच्या खवल्यांचा भास होतो. पत्रा पातळ असल्याने पृष्ठभाग किंचित लहरी दिसतो. तो दोष न मानता सौंदर्याचा भाग मानला गेला, हे विशेष. वक्रतेचे गणित कॅटिया या संगणकप्रणालीने सोडविले. फ्रान्सच्या दासो कंपनीने ती मुळात लढाऊ विमानांच्या आरेखनासाठी विकसित केली होती.

टायटॅनियमवर हवेच्या संपर्काने ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर तयार होतो. त्यामुळे धातू गंजत नाही आणि प्रकाशानुसार त्याची छटाही बदलते. तरीही काही वर्षांतच पत्र्यांवर डाग दिसू लागले व ते स्वच्छ करावे लागले.

धातूची निवड किती नाजूक असते, हे गेरी यांच्याच लॉस एंजेलिस येथील वॉल्ट डिझ्नी कॉन्सर्ट हॉलने दाखवून दिले. २००३ मध्ये खुल्या झालेल्या या वास्तूच्या चकचकीत स्टीलवरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने शेजारच्या सदनिका तापू लागल्या. अखेर २००५ मध्ये तो भाग घासून त्याची चकाकी घालविण्यात आली.