तांब्याचा तळ आणि लोखंडी खिळे

लाकडी जहाजाला समुद्रात दोन प्रकारचे सजीव छळतात. एक, लाकूड पोखरून आत शिरणारे शिंपल्यांच्या कुळातले प्राणी. दुसरे, तळाला चिकटून जहाजाचा वेग कमी करणारे शेवाळ आणि बार्नेकल. दोहोंवर उपाय म्हणून ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या जहाजाचा तळ तांब्याच्या पातळ पत्र्यांनी मढवला आणि ते वेस्ट इंडीजच्या उबदार समुद्रात पाठवले.

जहाज परतले तेव्हा लाकूड शाबूत होते. पण १७६३ च्या तपासणीत दिसले, की तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे गंजून गेले आहेत. काही खिळे मात्र जसेच्या तसे होते. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो काही ठिकाणी काढायचा राहून गेला होता. जिथे कागद होता, तिथे लोखंड वाचले होते.

असे का झाले, हे त्या वेळी सांगता येणे शक्य नव्हते. व्होल्टाची विद्युतघटमाला आली १८०० साली. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले, की विद्युतघट तयार होतो. लोखंडाचे इलेक्ट्रॉन तांब्याकडे जातात आणि तिथे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते घेतो. लोखंड झपाट्याने झिजते, तांबे टिकते. नौदलाने पुढे लोखंडाऐवजी तांब्याच्या मिश्रधातूचे खिळे वापरून प्रश्न सोडवला.

पण समुद्राच्या पाण्यात तांब्याचे पत्रेही हळूहळू झिजत. हा प्रश्न सर हंफ्री डेव्ही यांच्याकडे आला. ‘अलार्म’वर जे संकट ठरले, तेच त्यांनी १८२४ मध्ये उपाय म्हणून वापरले. पत्र्याला जस्ताचे किंवा बिडाचे छोटे ठोकळे जोडले. ठोकळे झिजले, तांबे जवळजवळ झिजेनासे झाले. या प्रयोगांत मायकेल फॅरेडे त्यांचे मदतनीस होते.

मात्र अशा जहाजांच्या तळाला शेवाळ आणि बार्नेकल भराभर चिकटू लागले. तांबे थोडे थोडे विरघळत होते, म्हणूनच तर त्याचे विष या सजीवांना दूर ठेवत होते! तांबे वाचले, पण ज्यासाठी ते बसवले होते ते काम थांबले. १८२५ मध्ये ठोकळे काढण्याचा हुकूम निघाला.

डेव्हींचे तत्त्व आज पोलादी जहाजांना आणि जमिनीखालच्या नळांना वाचवते. लाकडी होडीवर मात्र ते बेतानेच वापरावे लागते. जस्त जास्त झाले, तर वाचवलेल्या धातूभोवती अल्क तयार होते आणि लाकूड मऊ पडते. म्हणून गंजलेला बोल्ट घासून रंगवण्याआधी पाहावे, की त्याला कोणता धातू टेकला आहे.

वर्गात हे करून पाहा. मिठाच्या पाण्याच्या तीन पेल्यांत तीन लोखंडी खिळे ठेवा: एक नुसता, एक तांब्याची तार गुंडाळलेला, एक जस्ताची पट्टी घट्ट बांधलेला. रोज नोंद ठेवा. मग विद्यार्थ्यांना विचारा: कागद तर पाण्यात भिजतो, मग ‘अलार्म’चे खिळे त्याने कसे वाचवले? इलेक्ट्रॉन कोणत्या वाटेने जातात आणि आयन कोणत्या, एवढा धागा त्यांना पुरेल.