नामाची व्याप्ती आणि प्रक्रियेचे आयुष्य

एखादे नाव कोठपर्यंत व कोणत्या वस्तूचे वाचक राहते, हा प्रश्न जसा अर्थविचाराचा, तसाच तो संगणकभाषांच्या इतिहासाचाही आहे. पर्ल या भाषेचा कर्ता लॅरी वॉल याने भाषाविज्ञानाचे शिक्षण घेतले होते, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या या भाषेच्या पाचव्या आवृत्तीत, म्हणजे १९९४ साली, ‘माय’ हा शब्द आला आणि चलाची व्याप्ती संहितेतील स्थानावरून ठरू लागली. फंक्शनने आपल्या भोवतालचे चल धरून ठेवण्याची सोयही तिच्यात आली. या रचनेस पीटर लँडिन याने १९६४ सालीच ‘क्लोजर’ असे नाव दिले होते.

त्या काळी वेबवरील कार्यक्रम सीजीआय पद्धतीने चालत. प्रत्येक मागणीस सर्व्हर नवी प्रक्रिया सुरू करी. उत्तर देताच ती संपे व तिच्याबरोबर सारे चलही नाहीसे होत. ही पद्धत खर्चिक होती. म्हणून १९९६ साली मॉडपर्ल रचले गेले व पर्लचा अर्थवाचक अपाची सर्व्हरमध्येच कायमचा वसविला गेला. त्यातील ‘रजिस्ट्री’ हा भाग जुनी संहिता एका फंक्शनच्या वेष्टनात घालून एकदाच संकलित करी आणि पुढे प्रत्येक मागणीस तेच फंक्शन चालवी.

अडचण उद्भवली ती येथे. समजा, वाचकाने मागितलेला क्रम ‘माय’ने घोषित केलेल्या चलात आहे, आणि यादी लावण्यासाठी एक नामधारी फंक्शन कॉलबॅक म्हणून दिले आहे. नामधारी फंक्शन संकलनाच्या वेळी एकदाच घडते. त्यामुळे ते चलाची पहिलीच प्रत धरून बसते. पुढच्या मागणीस बाहेरील फंक्शनला नवी प्रत मिळते, कॉलबॅक मात्र पहिल्या वाचकाचाच क्रम पाळतो. चलात क्रमाऐवजी वाचकाची ओळख असेल, तर एकाची माहिती दुसऱ्यास दिसावयाची! शिवाय सर्व्हरच्या अनेक प्रक्रिया असत व प्रत्येकीचा ‘पहिला वाचक’ वेगळा. म्हणून दोष कधी दिसे, कधी लपे. सर्व्हर एकाच प्रक्रियेत चालविला म्हणजे तो दुसऱ्याच मागणीस उघड होई.

चल ‘सामाईक राहणार नाही’ असा इशारा पर्ल देत असे. परंतु आपण फंक्शनच्या पोटात फंक्शन लिहिलेलेच नाही, अशी लेखकाची समजूत असे, आणि त्याच्या संहितेपुरती ती खरीही होती. अंतर्भाव घडविला होता तो वेष्टनाने. उपाय दोन होते: मूल्य फंक्शनला उघडपणे पुरवावे, किंवा प्रत्येक फेरीस नव्याने घडणारे निनावी फंक्शन कॉलबॅक म्हणून द्यावे.

तात्पर्य, अल्पायुषी प्रक्रियेत ‘पहिली प्रत’ आणि ‘चालू प्रत’ हा भेद उत्पन्नच होत नव्हता. प्रक्रिया दीर्घायुषी होताच तो अर्थभेद ठरला. संहितेचे एकही अक्षर न बदलता तिचा अर्थ बदलला. व्याप्तीचा इतिहास केवळ व्याकरणाच्या नियमांतून लिहू पाहणाऱ्याने ही गोष्ट विसरता कामा नये.