डावीकडील शून्य : संगणकीय अंकलेखनातील एका संकेताचा इतिहास

प्रस्तावना : शून्याला डाव्या बाजूस किंमत नसते, हा नियम आपण प्राथमिक शाळेत शिकतो. संगणकाच्या आदेशओळीवर मात्र तो सर्वत्र लागू पडत नाही. या अपवादाचा उगम शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

१० ही अक्षरे दशमानात दहा, षोडशमानात सोळा, तर अष्टमानात आठ दर्शवितात. त्यामुळे पाया कोणता, हे सांगणारी खूण आवश्यक ठरते. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी १९६९ च्या सुमारास 'बी' भाषा रचली, तेव्हा संख्येपूर्वीचे शून्य ही अष्टमानाची खूण मानली गेली. त्यांचे पीडीपी-७ यंत्र १८ बिटांचे होते. एका अष्टमान अंकात तीन बिट सामावतात, म्हणून सहा अंकांत पूर्ण शब्द बसे. त्या यंत्रापुरती ही निवड सयुक्तिकच होती.

परंतु आयबीएमच्या सिस्टिम/३६० (१९६४) ने आठ बिटांचा बाइट रुजविला होता. आठाला तिनाने भाग जात नाही. षोडशमानाचे दोन अंक मात्र त्यात नेमके बसतात. पुढे डेनिस रिची यांच्या 'सी' भाषेत षोडशमानासाठी शून्य व एक्स ही जोडखूण आली. अष्टमानाचे एकटे शून्य तसेच राहिले. १९७८ च्या 'सी'च्या मूळ ग्रंथात तर अष्टमान संख्येत ८ व ९ हे अंकही चालत. म्हणजे ०१९ ची किंमत सतरा! १९८९ च्या प्रमाणीकरणाने ही मुभा काढून घेतली.

हाच संकेत 'बॅश' या आदेशकवचाच्या अंकगणितात उतरला. तारखेतून महिना काढून त्यावर गणित करणारी आज्ञावली जुलैपर्यंत बिनतक्रार चालते आणि ऑगस्टमध्ये ०८ हा अंक अवैध ठरून थांबते. थांबणारी चूक निदान दिसते तरी. ०१० चा अर्थ मुकाट्याने आठ होतो, हे प्रस्तुत लेखकास अधिक घातक वाटते. गंमत अशी की, परवानग्या बदलणाऱ्या 'सीएचमॉड' आदेशात ७५५ हे खुणेविनाच अष्टमान मानले जाते.

'पायथॉन'च्या ३.० आवृत्तीने २००८ मध्ये शून्यापुढे ओ हे अक्षर सक्तीचे केले. आज तेथे ०१० लिहिल्यास थेट चूक दाखविली जाते. 'बॅश'ने जुना अर्थ सोडलेला नाही. तेथे ०८ ला आठच म्हणवून घ्यायचे, तर १०#०८ असे लिहावे लागते.