तडीपाराचे घर

माणसाला त्याच्या घरातून उठवून हद्दीबाहेर घालविण्याचा अधिकार सत्तेने कुणावर वापरला, हा इतिहास आपणच लिहिला पाहिजे.

1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तरेपुरता होता. 1911 च्या नव्या कायद्याने तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात, म्हणजे खानदेशातही आणला. मुंबई इलाख्यात कैकाडी, फासेपारधी, मांग-गारुडी यांच्या कपाळी जन्मतःच गुन्हा लिहिला गेला. पोलिसांकडे हजेरी द्यायची, सरकार सांगेल त्या सेटलमेंटमध्ये राहायचे. सर्वांत क्रूर कलम मुलांविषयीचे होते. आईबापांपासून मुले तोडून वेगळी ठेवण्याची मुभा सरकारला होती. ज्यांचे गाव नाकारले, त्यांचे कुटुंबही नाकारले.

31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा गेला, जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण 1951 चा मुंबई पोलीस कायदा आलेलाच होता आणि नाव बदलून तो आजही आहे. त्याच्या कलम 56 खाली माणसाला 2 वर्षांपर्यंत तडीपार करता येते. साक्षीदार भीतीपोटी उघड साक्ष देत नाहीत, असे अधिकाऱ्याचे मत झाले की कोर्टात गुन्हा शाबीत होण्याची गरज उरत नाही. लगतचे जिल्हेही हुकमात घालता येतात. जळगावच्या मजुराच्या हुकमात धुळेही घातले, की तापीकाठचे त्याचे सारे सोयरे एका कागदाने तुटतात. परक्या मुलखात त्याला काम कोण देणार? मागे राहिलेल्या बायकोने चूल कशावर पेटवायची?

जालन्याच्या एका प्रकरणात 28 जानेवारी 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हुकूम रद्द केला. अशा हुकमाने माणसाला स्वतःच्या घरी कुटुंबासह राहता येत नाही, त्याची उपजीविकाही जाऊ शकते, म्हणून हा उपाय अपवादानेच वापरावा, असे न्यायालयाने बजावले.

युरोपात गुन्हा केलेल्या परदेशी माणसाला देशाबाहेर घालवतानाही, तो किती वर्षे तिथे राहिला, त्याची बायकोमुले कुठे आहेत, हे न्यायालय तपासते. 2001 पासून हे निकष तिथे पक्के झाले. परक्याला मिळणारा हा विचार आपल्याच नागरिकाला प्रत्येक नोटिशीत का मिळू नये?

जळगाव-धुळ्याच्या कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी माहिती अधिकारात विचारावे: गेल्या 10 वर्षांत तडीपार किती, कोणत्या जातीजमातींचे? ही यादी हाती आली, की 1952 साली नेमके काय संपले, ते कळेल.