लष्कराने सोडलेला नकाशा आणि हॅनोव्हरचा भूगोलवाला

भूगोल घेऊन पुढे काय करणार, हा प्रश्न आपल्याकडे बारावीनंतर हमखास विचारला जातो. डी.एड. कर, नाहीतर स्पर्धा परीक्षा दे. आज ज्या माणसाबद्दल लिहितोय तो भूगोलच शिकला, तोही प्राकृतिक भूगोल, जर्मनीतल्या हॅनोव्हर विद्यापीठात. नाव मार्कुस नेटेलर. इंजिनिअरिंग करणारी तुमची मुलं कॉम्प्युटरवर नकाशे करत असतील, तर या माणसाचं काम त्यांच्या हातून नकळत वापरलं गेल्याची शक्यता बरीच आहे.

गोष्ट सुरू होते त्याच्याही आधी, अमेरिकेत. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या लष्कराला एक अडचण होती. तळांसाठी हजारो एकर जमीन ताब्यात, आणि पर्यावरण कायद्यामुळे त्या जमिनीचं काय करतो याचा हिशोब देणं भाग. रणगाडे कुठून न्यायचे, कुठली माती वाहून जाईल, हे ठरवायला नकाशे लागतात. इलिनॉय राज्यातल्या शॅम्पेन गावी लष्कराची बांधकाम संशोधन प्रयोगशाळा आहे. तिथे एक सॉफ्टवेअर तयार झालं, नाव ‘ग्रास’. शब्दशः गवत, पण ती एका लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं. त्याच्या प्रचारफिल्मला आवाज दिला होता ‘स्टार ट्रेक’च्या विल्यम शॅटनरने! सरकारी पैशाने झालेलं काम म्हणून ते कोणालाही फुकट मिळायचं. विद्यापीठं, सरकारी खाती, सगळे वापरू लागले.

मग 1990 च्या दशकाच्या मध्याला लष्कराने हात काढून घेतला. आपल्याकडे एखादी नळपाणी योजना ठेकेदार सोडून गेल्यावर जे होतं, तेच. टाकी उभी आहे, पाइप आहेत, पण व्हॉल्व्ह कोण फिरवणार? टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठाने काही काळ सांभाळलं. आणि तिकडे हॅनोव्हरमध्ये नेटेलर विद्यार्थीदशेपासून हेच सॉफ्टवेअर वापरत होता. पुढची आवृत्ती त्याने तिथून, भूगोलाच्या विभागातून काढली. लष्कराचं पोर भूगोलवाल्याच्या घरी वाढायला आलं.

1999 च्या ऑक्टोबरात एक निर्णय झाला. माझ्या मते या सगळ्या कहाणीतला सर्वात महत्त्वाचा. ग्रासला जीपीएल हा परवाना लावला गेला. तोवर ते ‘सगळ्यांचं’ होतं, म्हणजे एखाद्या कंपनीने घेऊन, थोडी डागडुजी करून, कुलूप लावून विकलं असतं तरी कोणी काही म्हणू शकलं नसतं. जीपीएल सांगतो : वापरा, बदला, पैसे घेऊन विकासुद्धा, पण तुम्ही बदललेलं दुसऱ्याला दिलंत तर त्याचा मूळ कोडही त्याच अटींवर द्या. गायरान आणि बेवारस जमीन यांत जो फरक, तो इथे आहे. गायरानाला नियम असतो. (गायरानांचं आपण काय केलं, तो वेगळा विषय. त्यावर पुन्हा कधीतरी.)

2001 साली नेटेलर इटलीत ट्रेंटोला गेला, आल्प्सच्या कुशीतल्या शहरात. ग्रासही त्याच्याबरोबर गेलं. हेलेना मितासोवा या संशोधिकेबरोबर त्याने ग्रासवर पुस्तक लिहिलं, त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या. 2006 मध्ये अशा मुक्त नकाशा-सॉफ्टवेअरसाठी ओएसजिओ ही संस्था उभी राहिली, तिच्या संस्थापकांत तो होता. त्याच वर्षी त्याला या क्षेत्रातला सोल कॅट्झ पुरस्कार मिळाला.

पुरस्कार असू द्या. मला भावलं ते त्याचं डासांवरचं काम.

टायगर डास, तोच तो अंगावर पांढरे पट्टे असलेला, 1990 मध्ये जुन्या टायरांतून जेनोव्हाला उतरला. टायरात पाणी साचतं, अंडी टिकतात. आपल्या गॅरेजांमागे जे चालतं तेच. 2007 मध्ये इटलीच्या रावेन्ना भागातल्या खेड्यांत चिकनगुनियाची साथ आली, दोनशेवर लोक आजारी. विषाणू आला होता केरळहून आलेल्या एका प्रवाशाबरोबर. आदल्या वर्षी आपण इथे सांधे धरून बसलो होतो, ते आठवत असेल.

आता प्रश्न असा की हा डास डोंगराळ ट्रेंटोत कुठवर चढेल? थंडीत अंडी तगली तर पुढच्या वर्षी डास, नाहीतर नाही. हवामान केंद्रं मोजकी, आणि डोंगरात दर वळणाला तापमान वेगळं. नेटेलरने नासाच्या टेरा आणि ॲक्वा उपग्रहांची रोजची जमिनीच्या तापमानाची चित्रं घेतली. त्यांत ढगांमुळे भोकंच भोकं. ती भोकं त्याने उंचीचा आधार घेऊन ग्रासमध्ये भरून काढली, हजारो चित्रं, वर्षानुवर्षांची. त्यातून जानेवारीचं सरासरी तापमान काढून कुठल्या दरीत डास हिवाळा काढू शकेल याचा नकाशा केला. लष्कराच्या जमिनीसाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर डासाच्या मागावर!

फुकट सॉफ्टवेअर म्हणजे फुकट मेहनत नव्हे, हेही सांगायला हवं. नेटेलरला पगार मिळत होता तो संशोधन संस्थांकडून. तो नसता तर हे इतकी वर्षं चाललं असतं का, मला शंका आहे. पुढे त्याने बॉनमध्ये भागीदारांबरोबर मुंडियालिस ही कंपनी काढली. याच मुक्त सॉफ्टवेअरवर सेवा द्यायची आणि त्याचे पैसे घ्यायचे. ग्रासच्या समितीचं अध्यक्षपद त्याच्यानंतर अर्जेंटिनाच्या व्हेरोनिका आंद्रेओंकडे गेलं. एकाच माणसाच्या खांद्यावर राहिलेलं काम त्याच्याबरोबरच संपतं, हे आपण गावोगावच्या वाचनालयांत पाहतो. इथे तसं झालं नाही.

आता आपल्या कामाचं. ग्रासमध्ये पाणलोट काढायची एक आज्ञावली आहे, 1980 च्या दशकापासूनची. जमिनीच्या उंचीची आकडेवारी दिली की पाणी कुठून कुठे वाहील, कुठल्या ओढ्याचं क्षेत्र किती, हे ती काढून देते. क्यूजीआयएस या दुसऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमधूनही ती चालवता येते. लायसन्सला एक रुपया लागत नाही. गावचे पाणलोट आराखडे करताना कोणी हे वापरलंय का? कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये केलं असेल तरी चालेल. कमेंटमध्ये गावाचं नाव टाका, नकाशा असेल तर जोडा. येऊन बघतो.