चुकलेली लस आणि तिचा धडा



तान्ह्या मुलाचें नाक वाहूं लागलें तर घरांतलीं मोठीं माणसें फारशीं घाबरत नाहींत. पण दोन-तीन दिवसांनीं तेंच मूल दूध सोडतें, धापा टाकूं लागतें, प्रत्येक श्वासाबरोबर त्याच्या बरगड्यांखालीं खळगा पडतो, आणि मग सर्वांची धांवपळ उडते. 'छाती भरली' एवढेंच आपण म्हणतों. ह्या छाती भरण्याच्या मुळाशीं पुष्कळदां जो विषाणु असतो, त्याचा इतिहास आज मी थोडक्यांत सांगणार आहें.

तो प्रथम सांपडला तो माणसांत नव्हे, वानरांत. पडशानें आजारी असलेल्या चिंपांझींपासून तो वेगळा काढल्याचें अमेरिकेंतील वॉल्टर रीड ह्या लष्करी संशोधनसंस्थेंतील मॉरिस व त्यांचे सहकारी यांनीं १९५६ सालीं प्रसिद्ध केलें. पुढच्याच वर्षीं रॉबर्ट चॅनॉक यांना बाल्टिमोर येथील आजारी बालकांत तोच विषाणु आढळला. त्याच्या योगानें शेजारशेजारच्या पेशी एकमेकींत मिसळून त्यांची एकच मोठी पेशी बनते. ह्यावरून त्यास 'रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस' हें लांबलचक नांव मिळालें.

दोन वर्षांचें होईपर्यंत बहुतेक प्रत्येक मुलास तो एकदां तरी गांठतोच. थोरल्या मुलाचें पडशावर निभावतें. पण तान्ह्याच्या फुप्फुसांतील बारीक श्वासनलिका मुळांतच अरुंद. त्या सुजल्या व चिकट स्रावानें भरल्या कीं वाऱ्यास वाट उरत नाहीं. जीं मुलें अपुऱ्या दिवसांचीं जन्मलीं, ज्यांचें हृदय वा फुप्फुस सदोष आहे, त्यांच्या तर तो जिवावरच उठतो.

तेव्हां ह्यावर लस हवी, हें ओघानेंच आलें. विषाणु फॉर्मॅलिननें निर्जीव करून टोंचावयाचा, ही रीत पोलिओच्या बाबतींत १९५५ सालीं यशस्वी झालेली होती. तीच येथें योजिली. १९६६-६७ च्या हिवाळ्यांत साथ आली आणि विपरीतच घडलें. वॉशिंग्टन येथील चांचणींत लस टोंचलेल्या ज्या बालकांना लागण झाली, त्यांतील शेंकडा ८० जणांस रुग्णालयांत न्यावें लागलें. ती लस न मिळालेल्यांत हें प्रमाण अवघें शेंकडा ५ होतें. लस टोंचलेलीं दोन बालकें दगावलीं. ज्या आईबापांनीं विश्वासानें मूल पुढें केलें, त्यांच्या दुःखाला उत्तर तें काय देणार?

चॅनॉक स्वतः ह्या कामांत होते. परंतु त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हें अपयश झांकलें नाहीं. १९६९ सालीं तें आंकड्यांसह जगापुढें मांडलें. मी शाळेंत गणित शिकवीत असें, तेव्हां उत्तर चुकलें कीं मुलें लगबगीनें पाटी पुसूं लागत. मी म्हणें, "पुसूं नका, कोठें चुकलें तें आधीं पाहा." येथें पाटी पुसली गेली नाहीं, म्हणूनच पुढील पिढीस चूक शोधतां आली.

ती अशी. विषाणूच्या अंगावर एक प्रथिन असतें. पेशीशीं जुळण्यापूर्वीं त्याचा आकार एक असतो, जुळल्यावर दुसराच होतो. जुन्या लशींत तें मुख्यतः दुसऱ्या आकाराचें होतें. त्यामुळें उत्पन्न झालेलीं प्रतिद्रव्यें विषाणूला नीट अडवूं शकलीं नाहींत, आणि फुप्फुसांचा दाह मात्र वाढला. २०१३ सालीं मॅक्लेलन, ग्रॅहॅम, क्वाँग प्रभृतींनीं पहिल्या आकाराची रचना उकलली. अपुऱ्या दिवसांच्या मुलांसाठीं तयार प्रतिद्रव्याची दरमहा टोंचणी १९९८ पासून होतीच. २०२३ सालीं अमेरिकेंत हंगामाला एकदांच द्यावयाची टोंचणी व गर्भवती मातेची लस ह्या दोहोंस मान्यता मिळाली. मातेला लस द्यावयाची, आणि तिचें रक्षण घेऊनच बाळानें जगांत यावयाचें!

तरी काम संपलेलें नाहीं. २०१९ सालीं ह्या विषाणूनें पांच वर्षांखालील सुमारें एक लाख बालकें नेल्याचा अंदाज आहे. त्यांतील शेंकडा ९७ हून अधिक गरीब व मध्यम स्थितीच्या देशांतलीं होतीं. उत्तर बरोबर आलें आहे. तें प्रत्येक पाळण्यापर्यंत पोंचविणें अजून उरलें आहे.